सहा-चाळीसचं लातूर

वाकोल्यात राहणाऱ्या माणसाला विमानाचं कौतुक सांगायला जाऊ नये. धावपट्टी इतकी जवळ, की दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान कानात शिरतं. बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून तेवढ्यापुरता थांबतो आणि आवाज ओसरला की तेच वाक्य पुढे नेतो. पाहुण्यांना याचं हसू येतं. वाकोलेकरांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही.

राजाराम सूर्यवंशी या बाबतीत चार पावलं पुढे होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन तो गॅलरीत उभा राहायचा आणि घड्याळाकडे बघायचा. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मोठ्या विमानांच्या गर्जनेत एक हलकी, पंख्याची घरघर ऐकू यायची. 'मरुत एअर'चं बहात्तर आसनांचं छोटं विमान, मुंबई ते लातूर. ती घरघर कानावर पडली की त्याचा चेहरा फुलायचा आणि आतून चंपा, त्याची बायको, न बघताच विचारायची, "उडालं का तुमचं लेकरू?"

"उडालं. एक मिनिट आधीच."

लेकरूच होतं ते. निदान त्याला तसं वाटत होतं, आणि त्यात त्याची काही चूक होती असं मला वाटत नाही.

राजाराम मूळचा औसा तालुक्यातला. एकविसाव्या वर्षी मुंबईला आला आणि विमानतळावर लोडर म्हणून लागला. लोडर म्हणजे विमानाच्या पोटात वाकून बॅगा रचणारा माणूस. तेव्हाची ती मोठी कंपनी पुढे बंद पडली, पण त्याआधी तिने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक पाठदुखी आणि दुसरा श्यामसुंदर गुप्ते.

श्यामसुंदर मुलुंडचा. वडील बँकेत, आई शाळेत, स्वतः एमबीए. टाय लावून आला होता आणि पहिले सहा महिने त्याला सगळ्या खात्यांत फिरवत होते. लोडर लोक दुपारी सामानाच्या गाड्यांवर बसून जेवायचे. राजाराम जरा बाजूला बसायचा. बाजूला बस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इकडे ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. गावात लागलेली सवय मुंबईत तशीच चालू होती. पहिल्याच दिवशी हा टायवाला त्याच्या शेजारी येऊन बसला, न विचारता त्याच्या डब्यातली भाकरी मोडली, ठेच्यात बुडवली आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाला, "आयला, जाळ आहे रे! उद्या जास्त आण."

त्या दिवसापासून दोघांचा डबा एक झाला. अळूवडी इकडे, शेंगदाण्याची चटणी तिकडे. कंपनी बुडाली, पाच महिने पगार नव्हता, तेव्हाही दोघं भेटले की डबा मधोमध उघडायचे. पुढे श्यामसुंदर मरुतमध्ये मार्ग ठरवणाऱ्या खात्याचा प्रमुख झाला आणि त्याने राजारामला आत ओढून घेतलं. राजाराम कुणाबद्दल सहसा छातीठोक बोलत नसे. शामबद्दल बोलायचा. "तो माझ्या ताटातला माणूस आहे," म्हणायचा. या वाक्याची किंमत ज्याला कळते त्याला ती सांगायला लागत नाही.

मरुतमध्ये राजाराम स्लॉट डेस्कवर होता. हे काम काय ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा डाव त्यावरच आहे. मुंबईत सकाळी सहा ते नऊ सगळ्यांनाच उडायचं असतं आणि धावपट्टी काही रबराची नाही. म्हणून कंपन्यांना मिनिटं वाटून दिलेली असतात. त्या वाट्याला स्लॉट म्हणतात. पाच ते सात महिन्यांचा एक हंगाम, वर्षात दोन. त्यात शंभरातल्या ऐंशी वेळा तुम्ही तुमचा स्लॉट वापरलात तर पुढच्या हंगामातही तो तुमचाच. ऐंशीच्या खाली घसरलात तर गेला दुसऱ्याच्या ताटात. सकाळच्या स्लॉटसाठी भल्याभल्या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसायला तयार असतात. आपला एकही स्लॉट वाया जाऊ द्यायचा नाही, हे राजारामचं काम.

मरुत तशी नवी, लहान कंपनी. तिला सहा-चाळीसचा तो सोन्यासारखा स्लॉट मिळाला तोच मुळी अटीवर. चार हंगाम, म्हणजे दोन वर्षं, त्या वेळेला राज्यातल्या एखाद्या लहान शहरालाच विमान न्यायचं. कोणतं शहर ते कंपनीने ठरवायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या बुद्धपौर्णिमेला श्यामसुंदर वाकोल्याला जेवायला आला. दरवर्षी यायचा. भिंतीवरच्या तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना चंपाने ताजे हार घातले होते. खिरीची दुसरी वाटी संपवून तो म्हणाला, "वहिनी, एक बातमी आहे. तुमच्या लातूरला विमान नेतोय आम्ही."

चंपाला आधी थट्टाच वाटली. लातूरला जायचं म्हणजे गाडीचं तिकीट दोन महिने आधी काढायचं आणि तरी वेटिंगवर राहायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. "एका तासात लातूर?" तिने तीनदा विचारलं.  राजारामने विचारलं ते मात्र स्लॉट डेस्कवरच्या माणसाला शोभेलसं. "आणि चार हंगाम संपल्यावर?"

"अरे, भरून चाललं तर कोण कशाला हलवेल?" श्यामसुंदर म्हणाला. "तू फक्त ऐंशी टक्के धरून ठेव. लातूर तुझं."

लातूरच्या विमानतळावर कंपनीला कंत्राटदारामार्फत स्थानिक माणूस हवा होता. राजारामच्या डोळ्यासमोर एकच नाव आलं, किरण. थोरल्या बहिणीचा, सुनंदाअक्काचा मुलगा. एसटीत कंडक्टर, नऊ वर्षं झालेली, कायम. हिशोबाला चोख आणि जिभेला गोड. पण पक्की नोकरी सोडायची म्हटल्यावर तो बिचकला. अक्का तर सरळ विरोधात होती. "एसटी ती एसटी," ती म्हणाली. "विमानाचं काय खरं? आज हाय, उद्या नाही."

तेव्हा राजारामने किरणशी बोलताना फोन स्पीकरवर टाकला आणि श्यामसुंदरच्या पुढ्यात धरला. "तूच सांग रे याला."

"किरण, बिनधास्त ये," श्यामसुंदर म्हणाला. "मामा आहे ना तुझा इथे."

ऑगस्टमध्ये किरणने एसटीचा राजीनामा दिला आणि ऑक्टोबरअखेर पहिलं विमान लातूरला उतरलं.

खरा प्रश्न आता होता. जवळच्या मार्गावर विमान चालवणं म्हणजे पदरमोड. उडायला-उतरायला लागायचं तेवढंच लागतं, विमानतळाची भाडी तीच, इंधन सगळं चढण्यातच जळतं, आणि तिकीट मात्र फार लावता येत नाही, कारण समोर एसटी आणि रेल्वे उभी असते. पहिल्या महिन्यात बहात्तरात एकोणतीस माणसं बसायची. मग राजारामने कंबर कसली. मुंबईत लातूरकडचं जे जे कोण आहे, मानखुर्दपासून बोरिवलीपर्यंत, त्यांच्याकडे तो रविवारी जाऊ लागला. लग्नांत, बारशांत, जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीत, जिथे चार लातूरकर दिसतील तिथे हा तिकिटाची गोष्ट काढायचा. "तीन आठवडे आधी काढा, रेल्वेच्या एसीएवढ्यात पडतं." लातूरचे डाळवाले, शिकवणीवाले, महिन्यातून दोनदा मुंबईला येणारे डॉक्टर, सगळ्यांचे नंबर त्याच्या फोनमध्ये होते. लोक विचारायचे, "चालू राहील ना हो?" हा म्हणायचा, "मी आहे ना."

लातूरकरांनीही विमानाची एसटीच केली म्हणा ना. पंधरा किलोची मर्यादा असताना तीस किलो तूरडाळ आणि तुपाचा डबा घेऊन यायचे आणि वजनकाट्याशी वाद घालायचे. कुणी दार बंद व्हायच्या वेळी फोन करायचा, "दोन मिनिटं थांबवा की, आलोच, चौकात हाय." पण तिथे किरण होता. नऊ वर्षं घंटी मारून गाडी सोडलेला माणूस. त्याने कंडक्टरची पद्धत लावली. यादी हातात घेऊन एकेकाला घरी फोन. "काकू, निघालात का? डाळ निम्मी ठेवा आणि निघा." परतीचं विमान लातूरहून उशिरा सुटलं तर मुंबईत उतरण्याचा स्लॉट चुकतो, हे मामाने त्याला सांगितलं होतं. त्याने तो चुकू दिला नाही. दुसऱ्या हंगामात बहात्तरात एकसष्ट माणसं बसू लागली. स्लॉटची टक्केवारी सत्त्याण्णव. नफा थोडाच, पण नफा. राजारामने अक्काला फोन करून सांगितलं, "बघ, म्हणालो नव्हतो?"

चौथ्या हंगामात मात्र ग्रह फिरले. विमान तीन आठवडे दुरुस्तीला गेलं आणि पावसाळ्यात लातूरवर ढग बसून राहिले. राजारामचा जीव टांगणीला. हंगामात दोनशे सतरा उड्डाणं. त्रेचाळीस चुकली तर चालतात. चव्वेचाळिसावं चुकलं की स्लॉट गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला बेचाळीस चुकली होती.

त्याच आठवड्यात पुढच्या हंगामाचा तक्ता भरण्यासाठी त्याने नियोजन खात्यातल्या गार्गीकडे विमानांचा तपशील मागितला. गार्गी नवी, कामसू मुलगी. तिने एक पान पाठवायचं तर अख्खी फाइलच पाठवून दिली, जुन्या पानांसकट. राजाराम ते पान शोधत एकेक उलगडत गेला आणि एका पानावर थांबला.

त्यावर सहा-चाळीसच्या स्लॉटसमोर लिहिलं होतं: हंगाम एक ते चार, लातूर. हंगाम पाचपासून, दिल्ली, एकशे शहाऐंशी आसनं. आणि खाली शेरा. 'स्लॉट डेस्कवरचे आर. सूर्यवंशी त्याच भागातले आहेत. प्रवासी मिळवण्यास व नियमितता राखण्यास त्यांचा उपयोग होईल. पाचव्या हंगामाबाबत त्यांना तूर्त कल्पना देऊ नये.' खाली श्यामसुंदरची आद्याक्षरं आणि तारीख.

राजारामने तारीख पाहिली, मग फोनमध्ये त्या सालचं कॅलेंडर काढलं. बुद्धपौर्णिमेच्या चार दिवस आधीची होती.

म्हणजे खीर खाताना त्याला माहीत होतं. वहिनी म्हणताना माहीत होतं. किरणला बिनधास्त ये म्हणताना माहीत होतं. राजारामने ते पान छापून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. 

 मरोळला कंपनीच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर दोघं रोज एकत्र जेवत. त्या दुपारीही श्यामसुंदरने डबा उघडला, राजारामच्या डब्याकडे हात नेला, तेव्हा राजारामने छापून आणलेलं ते पान मधोमध ठेवलं.

श्यामसुंदरने चावता चावता वाचलं. चावणं थांबलं नाही, हे राजारामच्या ध्यानात राहिलं.

"कुणी दिलं तुला हे?"

"ते सोड. खरं आहे का?"

"राजा, असं बघ. तेवढीच मिनिटं धावपट्टी. त्यात बहात्तर माणसं उडवायची की एकशे शहाऐंशी? आणि दिल्लीची, सकाळची, कंपनीच्या पैशानं जाणारी. लातूरमध्ये नफा आहे, नाही कोण म्हणतंय? पण तो नफा म्हणजे चणे-फुटाणे आहेत यार. मोठ्या कंपन्या आपल्याला गिळायला बसल्यात. दिल्लीला पाय रोवला नाही तर मरुतच राहणार नाही. मग तू कुठे आणि मी कुठे?"

"ते मला कळतं," राजाराम म्हणाला. "मी गाढव नाही. मी विचारतोय, मला का नाही सांगितलंस?"

श्यामसुंदरने पहिल्यांदा वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती. उलट काहीतरी कौतुकाचं सांगायचंय असा भाव होता.

"सांगितलं असतं तर तू एवढं जिवापाड केलं असतंस? मानखुर्दला जाऊन लोकांच्या पाया पडला असतास? अरे, लहान शहराचे स्लॉट दुसऱ्या हंगामातच जातात लोकांचे, रिकामी विमानं कोण उडवणार? आपला टिकला. का? तुझ्यामुळे. मी वर सगळ्यांना सांगतो, हा स्लॉट राजाने राखला."

"आणि किरण?"

"त्याचं काहीतरी बघू ना."

"त्याला तू स्वतः सांगितलंस, बिनधास्त ये."

"तू फोन धरलास पुढ्यात! काय म्हणणार होतो मी?" श्यामसुंदर पहिल्यांदाच वैतागला, मग लगेच नरमला. "हे बघ, अजून दोन महिने आहेत. एकच उड्डाण चुकवायची सवड उरलीय. दुसरा कुणी असता तर आज मी त्याला डेस्कवरून हलवला असता. तुला नाही हलवत. तू वाकडं करणार नाहीस, मला माहितेय. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

राजारामला शिवी दिली असती तर परवडली असती. त्याने डबा न जेवताच बंद केला.

किरणला सांगणं भाग होतं. राजारामने फोन करून सगळं सांगितलं.

"मामा," किरण म्हणाला, "एसटीत नऊ वर्षं मी रुमालाची भांडणं मिटवली बघा. खिडकीतून रुमाल टाकायचा, जागा धरायची आणि मागनं आपला माणूस आणून बसवायचा. त्यांचा माणूस दिल्ली होता. आपण सगळे लातूरकर म्हणजे रुमाल."

"एसटीत परत नाही घेणार?"

"राजीनामा दिलेल्याला कोण घेतंय?" मग तोच म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत तर हाय ना विमान? मग चालवू की नीट. लोकांनी तिकिटं काढल्यात."

सप्टेंबरअखेर एक उड्डाण धुक्यात गेलं. त्रेचाळीस झाली. आता एक चुकलं की खेळ खलास, आणि राजारामच्या मनात पाप आलं. का येऊ नये? मी म्हणतो, आलं नसतं तर तो माणूस नव्हे. एकच सकाळ. लातूर तर गेलंच होतं. दिल्लीही गेली असती. शामने दोन वर्षं शिजवलेलं ताट दुसऱ्याच कंपनीपुढे गेलं असतं.

ती सकाळ ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चालून आली. पहाटेच्या पाळीला कचेरीत राजाराम एकटाच होता आणि साडेपाचला सहवैमानिकाचा फोन आला, पोट बिघडलंय, येऊ शकत नाही. राखीव यादीतला मिहिर नावाचा वैमानिक दहा मिनिटांवर मरोळलाच राहत होता. त्याला पाचच मिनिटांत फोन केला तर विमान वेळेवर. वीस मिनिटांनी केला तर रद्द. कुणी विचारलंच नसतं. फोन लागत नव्हता, एवढं म्हटलं की झालं. राजाराम फोन समोर ठेवून बसला. एक मिनिट गेलं. दोन गेली. इतकं मोकळं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तोच फोन वाजला. किरण होता. "मामा, आज परतीला रश्मी येतीय, आपल्या गल्लीतली. नर्सिंग केलंय बघा तिनं. घाटकोपरच्या दवाखान्यात पहिली नोकरी, आज बाराच्या आत हजर व्हायचंय, मुदत संपती. पोरगी चारपासून तयार होऊन बसलीय. वेळेवर हाय ना विमान?"

राजारामने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मामा?"

"वेळेवर आहे," तो म्हणाला, आणि मिहिरला फोन लावला.

सहा-चाळीसला विमान उडालं. रश्मी सव्वाअकराला घाटकोपरला हजर झाली आणि हंगाम ऐंशी टक्क्यांवर सुटला. श्यामसुंदरने सगळ्यांदेखत येऊन त्याची पाठ थोपटली. किरणला आणि लातूरच्या इतर आठ जणांना काम संपल्याचं कंत्राटदाराचं दोन ओळींचं पत्र गेलं. किरणचं काही बघितलं गेलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी राजाराम स्वतः शेवटच्या विमानाने लातूरला गेला. अक्काला तोंड दाखवायचं होतं. किरणने काउंटर पुसला, वजनकाट्यावर कापड टाकलं, किल्ली कंत्राटदाराच्या माणसाकडे दिली आणि मामाला मोटरसायकलवर मागे बसवून घरी आणलं.

अक्काने चहा ठेवला. राजारामने वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, तसं सांगितलं. डब्याचं, खिरीचं, त्या पानाचं, तारखेचं.  "तीस वर्षं, अक्का. तीस वर्षं एका ताटात जेवलो. त्यानं मला फसवलं."

अक्काने त्याच्या पुढ्यात कप ठेवला. "फसवलं तुला," ती म्हणाली. "खरं हाय. वाईट केलं त्यानं." मग पदराने हात पुसत ती समोर बसली. "पर राजाराम, माझ्या किरण्यानं त्या माणसाला कधी बघितलं बी नव्हतं. त्यो कुणाच्या तोंडाकडं बघून एसटी सोडून आला?"

 मानखुर्दला, बोरिवलीला राजाराम ज्यांना ज्यांना 'मी आहे ना' म्हणाला होता, ते सगळे त्याच्या डोळ्यापुढे आले. किरण मध्ये पडला, "आई, राहू दे," पण राहू देण्यासारखं ते नव्हतं आणि तिघांनाही ते कळत होतं. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेसहाला किरण त्याला लातूरच्या बसस्टँडवर घेऊन आला. मुंबईची गाडी लागत होती आणि ती पुरती उभी राहायच्या आत गर्दी दाराला भिडली. किरणने खिशातून रुमाल काढला आणि धावत जाऊन तिसऱ्या खिडकीतून आत टाकला. हाताला सवयच होती. "चढा निवांत, मामा. खिडकीची जागा धरलीय तुमची."

राजाराम चढला. सगळ्या गाडीत माणसं दाटीवाटीने उभी होती, पण त्या जागेला कुणी हात लावला नव्हता. त्याने रुमाल उचलला, घडी घातली, बसला आणि खिडकीतून किरणच्या हातात दिला. किरणने तो खिशात ठेवला.  "मामीला सांगा, दिवाळीला येतो," किरण म्हणाला.

गाडी स्टँडबाहेर पडताना फोन वाजला. श्यामसुंदरचा मेसेज होता. 'दिल्ली उडाली. सहा-चाळीस, मिनिटाचाही उशीर नाही. हे तुझं यश आहे, राजा. उद्या वहिनींना ठेचा द्यायला सांग.'

राजारामने तो दोनदा वाचला. मग एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं. 'शाम, उद्यापासून मी बाजूला बसून जेवेन.'

पाठवून झाल्यावर त्याने फोन खिशात टाकला. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन पुढ्यात उभा होता. "कुठं?" त्याने विचारलं.

"मुंबई," राजाराम म्हणाला. "एकच द्या."